पाच नंबरचं टार्गेट

यल्लाप्पा, तुझी रायफल काल पोलीस स्टेशनात जमा केली.

वहिनी आणि मी, दोघं रिक्षानं गेलो. परवाना तुझ्या नावाचा होता. तू गेलास तसा तोही गेला, आणि परवान्याशिवाय ती घरात ठेवता येत नाही. तेराव्याचं उरकून निपाणीला परत जाताना रेणुका मला हे सगळं बोटांवर मोजून सांगून गेली, शाळेत पोरांना सांगते तसं. "काका, वारसाच्या नावावर करता येते, पण मला नको. घरात दोन पोरं हायत." तुझ्या लेकीचं बरोबरच आहे. त्या रायफलीमागं पालथं पडून डोळा लावणारं तुझ्या घरात आता कोणी नाही. माझ्या घरात कधीच नव्हतं.

टेबलामागचा पोलीस तरुण होता. त्यानं तू शिवलेली खाकी गवसणी सोडली, रायफल आडवी ठेवली आणि मागच्या साइटला डोळा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"दुर्बीण काय री ही?"

"दुर्बीण नाही. डायऑप्टर म्हणतात. नेम धरायची साइट."

"काच कुठं हाय हिला?"

"काच नसते. नुसतं बारीक भोक."

"मग भोकाला एवढं स्क्रू कशाला री?"

शेजारचा हवालदार हसला. तू असतास तर आधी हसला असतास, आणि मग त्या दोघांना समोर बसवून भोकाला स्क्रू कशाला लागतात ते अर्धा तास सांगितलं असतंस. टेबलामागच्यानं सहज चाळा म्हणून वरची घुंडी फिरवली, मग बाजूची. टिक, टिक, टिक. सवयीनं मी मोजत होतो. वर चार, उजवीकडं दोन. ती पुन्हा जागेवर कोण आणणार, असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की आता ती जागेवर आणायची कुणाला गरज नाही.

रजिस्टरात त्यानं 'जुनी पॉइंट टू-टू रायफल, दुर्बिणीसह' अशा अर्थाचं काहीतरी कन्नडमध्ये लिहिलं. मी दुरुस्त करायला सांगणार, तेवढ्यात वहिनींनी माझी बाही ओढली. "ऱ्हाऊ द्या भावजी. लिवूंदे काय लिवायचं ते."

रायफल क्लबातल्या लोकांनी शोकसभेसाठी चार ओळी मागितल्या होत्या, त्या मी दिल्या. त्यांत तुझी फौजेतली वर्षं, आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करायचं काम आणि पदकं होती. ते सगळं खरंच आहे. पण तुला सांगायचं ते वेगळं आहे, आणि ते सांगायला मला वेळ लागणार आहे. तू म्हणायचास, मास्तर एक वाक्य बोलायचं तर आधी त्याला कव्हर घालतो. ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढली, त्याला काय करणार?

ती रायफल आपल्याला निपाणीलाच मिळाली होती. फौजेतून येऊन तुला वर्ष झालं होतं. कंग्राळीत शेत होतं, म्हशी होत्या, पण हात मोकळे राहायला तयार नव्हते. कुणीतरी तुला सांगितलं की निपाणीत तंबाखूच्या एका वखारीच्या माडीवर इंग्रजी बनावटीची, पीप लावलेली जुनी रायफल पडून आहे; डायऑप्टरला तू पीप म्हणायचास. मालकाचे वडील एके काळचे नेमबाज. आपण सकाळच्या बसनं गेलो. जुन्या धोतरात गुंडाळलेली ती तू उलगडलीस, पीपला डोळा लावलास आणि म्हणालास, "मास्तर, आत रात हाय रं."

भोकात तंबाखू भरली होती. तू फुंकर मारलीस, आणि पुढची दहा मिनिटं आपण दोघं शिंकत होतो. मालक खांबाला टेकून मजा बघत होते. "आमी जल्मापास्नं हितं हाय, आमास्नी एक शिंक येत न्हाय. तुमी फौजी म्हनं!" केरसुणीची काडी भोकातून जाईना, तेव्हा तू आपल्या मिशीतला एक जाड केस उपटलास आणि तो आत घालून फिरवलास. मग खिडकीकडं तोंड करून परत डोळा लावलास. शेवटी म्हणालास, "दिसतंय."

तुझ्या तोंडातून तो शब्द मी नंतर हजार वेळा ऐकला असेल.

कागदपत्रं पुरी व्हायला आठ महिने गेले. अर्ज मी भरले. कन्नडमधले, इंग्रजीतले, सगळे. ते आपलं ठरलेलंच होतं. तू स्क्रू बघायचास, मी कागद बघायचो. प्राथमिक शाळेतही तू माझी सायकल नीट करायचास आणि मी तुझे निबंध लिहायचो. एकदा गुरुजींनी तुला उभं करून तुझाच निबंध वाचायला लावला, आणि तुला त्यातला एक शब्द येईना.

फौजेतल्या गोष्टी तू कमी सांगायचास. सांगितल्यास त्या रायफलींच्या. रांगेत उभ्या असलेल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रींमधून स्पर्धेसाठी एक निवडायची, ती कशी निवडायची. लाकूड कुठं घासायचं, नळी लाकडाला कुठं लागू द्यायची नाही, डाव्या अंगाला पीप कशी बसवायची. लढाईसाठी बनलेली रायफल आठ दिवसांत तुझ्या हाताखाली स्पर्धेची व्हायची. "एकदा पीप बसली की तिची लढाई संपली," असं तू म्हणायचास, पोरगी नांदायला गेल्यासारखं.

तिथंच आपला वाद लागायचा. मी म्हणायचो, शस्त्र ते शस्त्र. चार स्क्रू लावले म्हणून त्याचं पुस्तक होत नाही. तू चिडायचास.

"तुला कळत न्हाय मास्तर. पीपची घिऊन लढाईत गेलास तर पैल्या दिवशी मरशील. ह्यातनं म्होरचंच दिसतंय. लढाईत माणूस बाजूनं येतंय."

"म्हणून ती शस्त्र नाही?"

"म्हणून ती फकस्त बगायची वस्तू हाय. गोळी आपली उगच, खरं बगितलं का न्हाय ते कळाय."

त्यावरचं उत्तर मला आज सुचतं, पण ते मला नको आहे.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांना ही साइट समजावून सांगणं अवघड जातं. डोळ्यापाशी एक चकती, चकतीत बाजरीच्या दाण्याहून लहान भोक. नळीच्या टोकाला एक बारीक कडी. पन्नास मीटरवर काळा गोळा. भोकात कडी, कडीत गोळा, असे तिन्ही एकात एक बसले की बोट आपोआप मागं येतं, असं तू म्हणायचास. भोक जितकं बारीक तितकं चित्र स्वच्छ. म्हातारा डोळासुद्धा त्यातून तरण्यासारखा बघतो. आणि बाजूचं काही दिसू नये म्हणून तू चष्म्याच्या दोन्ही कडांना जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची झापडं लावायचास, टांग्याच्या घोड्याला असतात तशी. मी चेष्टा करायचो. "टांगा कुठं चाललाय?" तू पडल्यापडल्या म्हणायचास, "मधल्या धाला."

सुधा, माझी बायको, गेली तेव्हा तू माझ्या घरी येऊन रोज बसायचास. तिला जाऊन त्या वेळी महिना होत आला होता, आणि मला घरातली प्रत्येक वस्तू एकाच वेळी दिसत होती. तिची बरणी, तिची चप्पल, तिनं अर्धवट विणलेलं काहीतरी. एका रविवारी तू मला जवळजवळ ओढत रेंजवर नेलंस, सतरंजीवर पालथं पाडलंस आणि रायफल माझ्या खांद्याला लावलीस. गोळी भरली नव्हतीस. "मारायचं न्हाय. नुस्तं बग. ह्यातनं बाकीचं दिसत न्हाय."

मी बघितलं. काळा गोळा, त्याच्याभोवती पांढरं, त्याच्याभोवती काळं. बाकीचं खरंच दिसत नव्हतं. किती वेळ पडून होतो मला माहीत नाही. उठलो तेव्हा माझी पाठ उन्हानं तापली होती आणि तू छत्री धरून उभा होतास, माझ्या डोक्यावर. पाठीवर नाही, डोक्यावर. एवढीच लहान छत्री होती.

ते मी विसरलो नाही. पुढं जे केलं त्यात तेही आहे. पण त्याच्या आडोशाला मला बसायचं नाही.

त्या दिवसापासून मी तुझा टेलिस्कोपवाला झालो. तू पडायचास, मी शेजारी स्टुलावर बसून टेलिस्कोपमधून टार्गेट बघायचो आणि आधी गुण, मग घड्याळाच्या काट्यावरून दिशा सांगायचो; मधोमध लागली की दहा. नऊ, तीन वाजता. दहा. आठ, सात वाजता. साइटच्या घुंड्या किती क्लिक फिरवायच्या त्याची वही माझ्याकडं असायची. ढग असले की किती वर, वारा चोर्ला घाटाकडून असला की किती बाजूला, सगळं तीत आहे. पहिल्याच दिवशी तू मला बजावलं होतंस, "टेलिस्कोपवाल्याचं एकच काम. गोळी कुटं लागली ते खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून धा म्हणालास तर तुला हितनं हाकलीन."

दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. क्लबात आपण दोघंच लवकर पोचलो होतो. तू चार नंबरच्या लेनवर पडलास. पहिली गोळी मारलीस आणि नेहमीसारखं विचारलंस, "कुटं?"

मला कागदावर भोकच दिसेना.

"दिसत नाही."

"डोळं पूस. लागलीया." दुसरी मारलीस. "आता?"

चार नंबरचा कागद कोरा. मी टेलिस्कोप जरा बाजूला नेला. पाच नंबरच्या कागदावर, अगदी मधोमध, एकाला एक चिकटलेली दोन भोकं.

दुसऱ्याच्या टार्गेटवर गोळी जाणं ही नवशिक्याची चूक. कधीकधी जुन्याचीही होते. पण तुझ्या लेनच्या पाटीवर हातभर मोठा चार लिहिला होता आणि तू पडण्याआधी मान वर करून सगळीकडं बघितलं होतंस. म्हणजे मला तसं वाटलं होतं. मग मला एकेक आठवायला लागलं. हाताशी ठेवलेला चहाचा कप तू महिन्याभरात तीनदा लवंडला होतास. बसच्या दारात खांदा आपटला होतास. मी शेजारून हात पुढं केला तर तू तो घेतला नाहीस, आणि मला वाटलं, रागावला असशील.

"मास्तर, कुटं रं?"

"दहा," मी म्हणालो.

उरलेल्या तीन गोळ्यांनाही मी दहाच म्हणालो. खोटं नव्हतं. पाचही दहाच होत्या.

कागद काढायला गेलो तेव्हा सांगितलं. "यल्लाप्पा, पाच नंबरवर मारलास." तू कागद हातात घेऊन हसलास. "कुणाचंबी असूंदे, धा हायत न्हवं?" मग तुझं हसणं ओसरलं. तू वळून चार नंबरची पाटी बघितलीस, मग पाचची. एका पाटीवरून दुसरीवर जायला तुला मान पूर्ण वळवावी लागली.

"कुणाला सांगू नगोस," तू म्हणालास.

त्या आठवड्यात मी ग्रंथालयात जाऊन वाचलं. निवृत्त झालो असलो तरी मला अजून आत सोडतात. काचबिंदू कडेकडेनं खातो आणि मधलं शेवटपर्यंत ठेवतो, असं लिहिलं होतं. दुखत नाही, लाल होत नाही. माणसाला कळत नाही, कारण समोर बघायला अडचण येत नाही. तुला कसं कळणार होतं? आयुष्यभर तू मधलंच बघत आलास. कडेचं दिसू नये म्हणून पुठ्ठे लावत आलास. गेलेलं परत येत नाही, पण रोजच्या थेंबांनी उरलेलं राखता येतं, असंही लिहिलं होतं. त्या ओळीवर मी पेन्सिलीनं खूण केली. दुसऱ्याच्या पुस्तकावर खूण करणाऱ्यांना मी जन्मभर ओरडत आलो होतो.

तुला मी सगळं सांगितलं. शेतातल्या आंब्याखाली. तू ऐकून घेतलंस.

"दाखवलं तर लिवत्यात का न्हाय?"

"लिहिणारच. पण औषध देतील."

"औंदा लायसन रिन्यूला हाय. डाक्टरची चिट्टी लागती. डोळ्याचं लिवलं की लायसन गेलं. लायसन गेलं की ही गेली." तू रायफल म्हणाला नाहीस. तू तिला नेहमी ही म्हणायचास. वहिनींना ते माहीत होतं. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "भावजी, ह्येनी 'ही' म्हनलं की मला आदी बगावं लागतंय, मी का ती."

"मग?" मी विचारलं.

"एकदा लायसन हुंदे. मग जाऊ कोल्हापूरला. तूच घिऊन चल. तवर हिला सांगायचं न्हाय. उगच जिवाला घोर लावून घील."

ही म्हणजे या वेळी वहिनी.

मी हो म्हणालो. अर्ज मी भरला. दृष्टीच्या रकान्यात जे लिहायचं ते लिहिलं. डॉक्टरांनी तुला तक्ता वाचायला लावला, आणि तू शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचलीस. मधलंच ते. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी, केवळ रीत म्हणून, विचारलं, "बाजूचं वगैरे नीट दिसतं ना?" तू माझ्याकडं बघितलंस. तुझी पूर्ण मान वळली.

मी म्हणालो, "तो अजून दहात मारतो, डॉक्टर."

डॉक्टर हसले आणि त्यांनी सही केली. त्यांची चूक नाही. त्यांनी विचारलं होतं.

एवढंच वाक्य आहे, यल्लाप्पा. ते खरं होतं. त्या वाक्याला मी आता रोज उठून बघतो.

परवाना झाला. मग पेरणी आली. मग पाऊस, आणि पावसात कोल्हापूरला कोण जातं. मग रेणुकाच्या धाकट्याचं जावळ. मग तू म्हणालास, दिवाळी हुंदे. मी आठवण करायचो, आणि तू म्हणायचास, "बगू की रं." हळूहळू मी आठवण करायचं कमी केलं. तू रविवारी पाच गोळ्या मारायचास, मी पाच दहा सांगायचो आणि दोघांनाही त्या दिवसापुरतं पुरायचं. पडण्याआधी मीच तुझी सतरंजी चार नंबरच्या बरोबर समोर अंथरायला लागलो होतो. ते तुझ्या लक्षात आलं होतं.

मग ती सकाळ. गिरण रस्त्याच्या पलीकडं आहे. वहिनींनी जोंधळ्याचा डबा भरून तुझ्या खांद्यावर दिला. तू अंगणातून सरळ निघालास, रस्त्याच्या कडेला क्षणभर थांबलास आणि गिरणीच्या दाराकडं बघत चालायला लागलास. भाजीची एक पिकअप गाडी येत होती. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, पण तुझे कान शस्त्रागाराच्या नोकरीतच अर्धे गेले होते. त्यानं ब्रेकही मारला. त्यानंच तुला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा तुझ्यावर चादर होती.

गावानं दोन दिवसांत कारण शोधून काढलं. खांद्यावर डबा होता, डब्याच्या आड गाडी दिसली नाही. दवाखान्यात तेच बोललं गेलं, पोलिसांत तेच लिहिलं गेलं. आणि वहिनींनी ते घट्ट धरून ठेवलं.

"म्याच धाडलं त्येंस्नी. दोन पायल्या भरल्या मी. पायलीभरच द्याय पायजे हुतं, काखंत मारून गेलं असतं. आदल्या दिशी म्हनत हुते, उद्या जातो. म्याच म्हनलं, आज न्हाय तर भाकरी न्हाय."

येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे सांगत होत्या. वहिनींच्या मावशी आल्या, त्यांना. क्लबातले आले, त्यांना. आणि त्या दिवसापासून त्यांनी भाकरी तोंडात घातली नाही. भात खातात, तोही पाण्यात कालवून. चेपलेला डबा पोलिसांनी परत दिला, तो अंगणात तुळशीमागं उलटा पडून होता. त्याला कोणी हात लावायचा नाही.

आणि मी तिथं बसून ऐकत होतो. रोज. कारण मला माहीत होतं की तू उजव्या खांद्यावर कधीच ओझं घेत नव्हतास. पाण्याची घागर नाही, वैरणीचा भारा नाही, लेकीच्या लग्नात मांडवाची मेढ उचलली तीही डाव्या खांद्यावर. उजवा खांदा रायफलीचा. तो दुखावला तर नेम जातो, असं तू फौजेत गेल्यापासून पाळलंस. डबा तुझ्या डाव्या खांद्यावर होता. अंगणातून रस्त्यावर पाऊल टाकलं की पहिली गाडी येते ती उजवीकडून. गिरणवाल्या चंद्राक्कांना मी चौथ्या दिवशी जाऊन विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "डावीकडंच हुता की डबा. का वो?" मी काही नाही म्हणालो आणि परत आलो.

डब्यानं काही झाकलं नव्हतं. झाकलं होतं ते दोन वर्षांपूर्वीच. आपण दोघांनी.

काल पोलीस स्टेशनातून आलो. वहिनींनी जमा केल्याची पावती देव्हाऱ्यात ठेवली आणि येऊन उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "ती बी गेली. माझ्या एका डब्यापायी समदं गेलं." मी अंगणात खुर्चीवर होतो. तुझी खुर्ची. मला वाटलं, टेलिस्कोप माझ्याच हातात आहे आणि ही बाई मला विचारते आहे, कुठं लागली.

"वहिनी, डब्यामुळं नाही झालं."

मग मी सगळं सांगितलं. डावा खांदा. पाच नंबरचा कागद. पुस्तकातली ओळ. आंब्याखालचं बोलणं. डॉक्टरांनी काय विचारलं आणि मी काय म्हणालो. मला वाटलं होतं त्या मध्ये काहीतरी बोलतील, रडतील. त्या बोटानं उंबऱ्यावरची हळद खरवडत राहिल्या.

"तुमास्नी कवापास्नं ठावं हुतं?"

"दोन वर्षं."

"त्येंस्नी?"

"त्यालाही."

रस्त्यावरून दोन बसगाड्या गेल्या, एक शहराकडं आणि एक तिकडून.

"आन् मला न्हाय," त्या म्हणाल्या.

त्यावर तू काय म्हणाला असतास, यल्लाप्पा? मी काल रात्रभर तुझ्या तोंडी शब्द घालून बघितले. एकही बसला नाही. तिला घोर लागू नये म्हणून, हे तुझं कारण होतं. वहिनींच्या हाताला थेंबांची बाटली आली असती, तर रोज सकाळी त्यांनी तुझी मान मागं करून थेंब घातलेच असते, तू कितीही शिव्या दिल्या असत्यास तरी. तुला हे माहीत होतं. मलाही होतं. म्हणूनच आपण सांगितलं नाही.

त्या उठल्या. मला वाटलं आत जातील आणि दार लावून घेतील. त्या तुळशीमागं गेल्या, डबा उचलला, पदरानं पुसला. चेपल्यामुळं झाकण बसेना. आत नेऊन भरून आणला आणि तोंडाला फडकं बांधून माझ्या पुढ्यात ठेवला.

"जावा. दळून आणा."

तो डबा मी सवयीनं उजव्या खांद्यावर घेतला. रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिलो, आणि उजवीकडं मला पत्र्याशिवाय काहीच दिसेना. गाव म्हणतं ते असं दिसलं असतं. मग मी डबा उतरवला आणि डाव्या खांद्यावर घेतला, तू घेतला होतास तसा.

उजवीकडचा रस्ता पार वळणापर्यंत दिसत होता. वळणावरचा थांबा, थांब्यावर उभ्या दोन बायका, त्यांच्यापुढं बसलेलं कुत्रं. एक ट्रॅक्टर वळण घेऊन येत होता, तो माझ्यापर्यंत पोचायला मी मनात वीसपर्यंत मोजलं. एवढं सगळं तिथं होतं. त्यातलं तुला काय दिसत होतं, ते आता कळायचं नाही. गिरणीचं दार दिसत असणार. स्वच्छ.

मी किती गाड्या जाऊ दिल्या ते सांगत नाही. चंद्राक्कांनी पलीकडून हाक मारली, "या की वो मास्तर, मोकळा हाय रस्ता," तेव्हा ओलांडला. त्यांनी डबा ओळखला. दळून दिलं.

परत आलो. पीठ गरम होतं. वहिनींनी डबा घेतला, परात ओढली, चूल पेटवली. गॅस होता तरी. मी अंगणात बसून भाकरी थापल्याचा आवाज ऐकत होतो. तीन भाकऱ्या झाल्या. त्यांनी एक ताटात घेतली, त्यावर चटणी घातली आणि स्वयंपाकघराच्या दारात, मला दिसेल अशा जागी बसून, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. बावीस दिवसांनी.

माझ्यापुढं ताट आलं नाही. दिवेलागणीपर्यंत मी बसलो होतो, मग उठून घरी आलो.